द्राक्षबागेच्या वेळेत चालणारे पाळणाघर

प्रश्न : आमच्याकडे (ता. निफाड) छाटणी-विरळणीच्या दिवसांत बाया सकाळी साडेसातला बागेत जातात, साडेपाचला परततात. अंगणवाडी दुपारीच सुटते आणि तीन वर्षांखालच्या लेकरांना तिथे दिवसभर ठेवता येत नाही. बचत गटातर्फे समाजमंदिरात वीस मुलांचे पाळणाघर सुरू करायचे आहे. काय तयारी करावी?

उत्तर : आधी माणसे ठरवा, खेळणी नंतर. वीसपैकी निम्मी मुले तीन वर्षांखालची धरली तर तीन बाया हव्यात; दोघी लहानग्यांकडे, एक मोठ्यांकडे. स्वयंपाक यांच्यातल्याच एकीवर टाकू नका. अकराच्या पुढे मुले भुकेने, झोपेने रडकुंडीला येतात आणि नेमकी तेव्हाच ती चुलीपाशी अडकते. जेवण शेजारच्या घरी शिजवून आणा.

माणशी बारा चौरस फूट धरले तर वीस मुलांना २४० चौरस फूट मोकळी जागा लागते. समाजमंदिरात ती सहज निघेल. घोडे अडते ते दाराला कडी, जवळ संडास आणि पाण्यावर. भरलेली बादली जमिनीवर नको. रांगते मूल वीतभर पाण्यातही बुडते. फवारणीच्या औषधाचे रिकामे कॅन कितीही धुतले तरी पाण्याला वापरायचे नाहीत. बागांच्या गावात ही चूक सर्रास होते.

अंगावर पिणाऱ्या मुलांच्या आयांना दिवसातून निदान दोनदा येऊ द्यावे, हे मुकादमाशी आधीच बोलून घ्या. फवारणी झालेल्या बागेतून आलेल्या आईने हात-तोंड साबणाने धुऊन, साडी बदलूनच मूल घ्यावे. आणि हो, अख्खे द्राक्ष लहान मुलाला देऊ नका, घशात अडकते; उभे चार तुकडे करून द्या. शेंगदाणे-फुटाणे तर नकोतच.

मूल पाळणाघरात आले तरी अंगणवाडीतले नाव काढू नका. घरपोच आहार आणि लसीकरणाची नोंद तिथूनच होते. सेविकेच्या मदतीने दरमहा वजन घ्या. सहा महिन्यांपुढच्या, पाच वर्षांखालच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सें.मी.पेक्षा कमी भरला, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

खर्चासाठी ग्रामसभेत ठराव घ्या. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. शिवाय केंद्र सरकारच्या ‘मिशन शक्ती’ या महिलांसाठीच्या कार्यक्रमातील ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघराची सोय आहे. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा. सोबत मुलांची यादी, जन्मतारखा आणि आयांच्या कामाच्या वेळा जोडा. तोंडी मागणी कुठेच नोंदली जात नाही.

प्रश्न : पालक म्हणतात, नुसते सांभाळू नका, एबीसीडी गिरवून घ्या.

उत्तर : साडेतीन-चार वर्षांच्या बोटांना पेन्सिल पेलत नाही, जबरदस्तीने मूठ आवळून धरायची सवय लागते आणि पुढे ती सुटायला जड जाते. मोठे मणी ओवणे, चिखलाचे गोळे, कागद फाडून चिकटवणे यांनी बोटे तयार होतात. भाषेसाठी रोज एक गोष्ट घरच्या बोलीत सांगा आणि ती मुलांकडून परत ऐका. पालक मुलाला न्यायला आले की त्यांना दोन वाक्यांत सांगा, मुलाने आज काय केले. आग्रह बराच निवळतो.