५ हजार मीटर पळणाऱ्या १५ वर्षांच्या मुलाने पळून झाल्यावर स्लो जॉगिंग करावं की स्ट्रेचिंग? (सोलापूर)

स्लो जॉगिंगच करू द्या, ८-१० मिनिटं, मग थोडं चालणं, स्ट्रेचिंग हवं तर त्यानंतर. जोरात पळून एकदम थांबलं की रक्त पायातच साचतं, डोक्याकडं कमी जातं, म्हणून तर फिनिशनंतर पोरांना गरगरतं, पाय हलते ठेवले की पोटऱ्या रक्त वर ढकलत राहतात. लॅक्टेटही (जोरात पळताना स्नायूंत तयार होऊन रक्तात वाढणारा पदार्थ) जॉगिंगने लवकर उतरतं, पण त्याचं फार कौतुक नको, नुसतं बसलं तरी साधारण तासाभरात ते उतरतंच आणि दुसऱ्या दिवशीचं दुखणं काय त्याच्यामुळं नसतं. २०१८ मध्ये व्हॅन हूरेन आणि पीक या संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासले होते, त्यातही कूल-डाउनने, म्हणजे व्यायामानंतरच्या अशा हलक्या हालचालीने, दुखणं फारसं कमी होत नाही असंच निघालं, स्ट्रेचिंगचीही तीच गत. फक्त एप्रिल-मेमध्ये पार्क मैदानावर ऊन चढल्यावर पळणं संपत असेल तर जॉगिंग राहू द्या, आपल्याकडं पारा ४० च्या वर जातो, त्यात अजून पळवून अंग कशाला तापवायचं, सावलीत चालवा, मानेवर ओला टॉवेल टाका, पाणी घोट घोट द्या.