सुपरवायझर झालो, पण शिकवले कोणीच नाही

प्रश्न : बारावीनंतर मी पुण्यातील एका हॉटेलात हाउसकीपिंगला लागलो. चार वर्षे रूम अटेंडंट होतो. मार्चमध्ये फ्लोअर सुपरवायझर झालो. प्रशिक्षण म्हणाल तर मास्टर की आणि तपासणीची यादी हाती दिली, एवढेच. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर पलंग लावले, त्यांना चूक दाखवताना जीभ रेटत नाही. नोकरी सोडून व्यवस्थापन शिकावे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमची अडचण स्वभावाची नाही. उत्तम काम करणारा माणूस उत्तम काम करवूनही घेईल, असे अनेक हॉटेले गृहीत धरतात आणि त्याचा भुर्दंड तुमच्यासारख्या होतकरू मुलांना पडतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नोकरी तूर्त सोडू नका. ओबेरॉय समूहाच्या दिल्लीतील प्रशिक्षण केंद्रात (स्थापना १९६६) हाउसकीपिंग व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण तो पदवीधरांसाठी. त्यामुळे आधी मुक्त विद्यापीठातून, नोकरी सांभाळून पदवी घ्या.

तोवर कामावर सुरुवात खोल्यांच्या वाटपापासून करा. पाहुणा सोडून गेलेली खोली लावायला राहत्या खोलीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. म्हणून प्रत्येकाला चौदा-चौदा खोल्या दिल्या की वाटणी समान झाली, असे होत नाही. जुन्या मित्राच्या वाट्याला सोप्या खोल्या गेल्याचे मजल्यावर दुपारपर्यंत सर्वांना कळते आणि मग तुमच्या शब्दाला वजन राहत नाही. तपासणी शक्यतो त्या अटेंडंटला बरोबर घेऊन, दारापासून एकाच दिशेने करा. चादरीचा कोपरा सैल दिसला, तर तो सोडून गादीखाली पुन्हा घट्ट दुमडून दाखवा. तुमचे हात अजून त्या कामात आहेत. जीभ रेटत नाही तिथे ते बोलतील.

दुसरे म्हणजे, महिनाभर फ्रंट ऑफिसला, म्हणजे स्वागतकक्षात, पाठवण्याची विनंती करा. तिथे पैशाचा हिशेब कळतो. शंभर खोल्यांच्या हॉटेलात सत्तर खोल्या ५,००० रुपयांनी गेल्या, तर उपलब्ध खोलीमागे ३,५०० रुपयेच पडतात, आणि आज रिकामी राहिलेली रात्र उद्या विकता येत नाही. दुपारी दोन वाजता सामान घेऊन ताटकळणारा पाहुणा काउंटरवरून एकदा पाहिलात, म्हणजे कोणती खोली आधी लावून घ्यायची हे कोणी सांगावे लागणार नाही.

ही विनंती एक्झिक्युटिव्ह हाउसकीपरकडे, म्हणजे तुमच्या विभागप्रमुखाकडे, लेखी करा आणि त्यात तारखाही सुचवा. गर्दीचा हंगाम मात्र टाळा.