आजोबांचं मातीचं माळवदाचं घर जुनं रूप न घालवता कसं नीट करावं?

तुम्ही लिहिलंय की बार्शीकडं आजोबांचं शंभरेक वर्षांचं माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर असलेलं घर आहे, भिंती पांढऱ्या मातीच्या, आणि गवंडी म्हणतोय बाहेरून जाळी मारून सिमेंटचा गिलावा करू, आत टाइल्स आणि अटॅच बाथरूम करू, दर्शनी भाग जुनाच दिसेल. करावं का आणि खर्च किती येईल, हा तुमचा प्रश्न. करू नका. गवंड्याला आजच फोन करून थांबवा, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी काही आर्किटेक्ट नाही. सोलापुरात एका इंजिनिअरच्या ऑफिसात बावीस वर्षं नकाशे काढले, तेही बहुतेक आरसीसीचेच. पण हाच गिलावा माझ्या माहेरच्या भिंतीला लागला होता आणि त्यावरनं माझं आणि थोरल्या भावाचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. तेव्हा उत्तर लांबेल.

माहेर तुळजापूर तालुक्यात. ढाळजेतनं (दारातल्या बसायच्या जागेतनं) आत आलं की चौक, समोर आठ खणांचा सोपा (पुढची मोकळी खोली; दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण), मागं माजघर, माजघराच्या भिंतीत धान्याचं बळद. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर दोन हात रुंद मातीची भिंत. आज्जी ज्या देवळीत दिवा ठेवायची तिच्यात माझा हात कोपरापर्यंत जायचा आणि पलीकडं तेवढीच भिंत उरायची. मे महिन्यात भर दुपारी माजघरात पडलं तर अंगावर जुनं लुगडं घ्यावं लागायचं.

२०१० च्या उन्हाळ्यात पुतणीचं लग्न ठरलं. लग्नघर चारचौघांसारखं दिसलं पाहिजे म्हणून दादानं रस्त्याकडची सगळी भिंत कोंबडी जाळी ठोकून सिमेंटनं गिलावून घेतली, वरनं फिकट गुलाबी ऑइल पेंट. खोटं कशाला बोलू, दिसायला छान दिसत होती. मी म्हणाले, "दादा, मातीला सिमेंट धरत नाही." तो म्हणाला, "तू पाव्हणी आलीयस ना, मग जेव आणि फोटो काढ."

पहिल्या पावसाळ्यात काही झालं नाही. दुसऱ्यात जोत्याच्या वर वीतभर रंगाला फोड आले. तिसऱ्यात ते खरवडून पुन्हा रंग. चौथ्या पावसाळ्यात, २०१३ च्या सप्टेंबरात, रात्री दोनच्या सुमारास दाराच्या डावीकडची बारा-तेरा फूट भिंत बोळात आडवी झाली. दिवसा पडली असती तर तिथं पोरं खेळत असतात. मी दुसऱ्या दिवशी पोचले. गिलावा जाळीसकट अख्खा पालथा पडला होता, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा. पुढच्या बाजूचा रंगसुद्धा फारसा उडाला नव्हता, आणि पाठीला माती चिकटलेली नव्हतीच. भिंतीतली माती मुठीत दाबली तर तिचा लाडू वळला. चार दिवस पावसाचा थेंब नव्हता, तरी.

मातीची भिंत पाणी पिते आणि सोडते. खालनं जोत्यातनं ओल चढते, वरनं कुठल्या तरी भेगेतनं पाणी शिरतंच. शेणमातीचा गिलावा असला की ऊन पडल्यावर ती ओल निघून जाते. सिमेंट आणि ऑइल पेंट तिला आत कोंडून धरतात. त्यात उन्हापावसात माती आणि सिमेंट सारखं हलत नाहीत, म्हणून सिमेंटला केसाएवढ्या भेगा पडतात, त्यातनं पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही. हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत रांचोस दे ताओस गावात मातीच्या कच्च्या विटांचं जुनं चर्च आहे, त्याला १९६७ मध्ये असाच सिमेंटचा गिलावा केला. आतली माती भिजून खराब व्हायला लागली, तो सगळा काढावा लागला आणि गावकरी आता दरवर्षी हातानं चिखल लिंपतात. तिकडं पैशाची काही कमी नाही. तरी चिखलच.

पण भिंत पडल्यावर दादाचं वाक्य काय? "बघ, मातीचं घर पडलं." सिमेंटनं पाडलं हे त्याच्या डोक्यात शिरायलाच तयार नाही. आणि का नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणून जास्त चिडता येत नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. भूकंप. मी तेव्हा बारावीला. रात्री गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती. आमच्या गावात भेगांवर निभावलं, पण किल्लारी, सास्तूरकडं काय झालं ते महाराष्ट्राला सांगायला नको. दादा तेव्हा पंचविशीचा. गावातल्या पोरांबरोबर ट्रॅक्टरनं सास्तूरला गेला, चार दिवस ढिगारे उपसले. परत आल्यावर वर्षभर चौकात झोपला, थंडीतसुद्धा. आमच्या पट्ट्यात त्यानंतर कितीतरी माळवदं उतरवून लोकांनी पत्रे घातले, ते या भीतीनं. उन्हाळ्यात पत्र्याखाली भाजून निघतात, पण झोप लागते.

तरी मी म्हणते, मातीनं मारलं हे अर्धंच खरं आहे. तिथल्या पडलेल्या घरांच्या भिंती बऱ्याचशा दगडाच्या होत्या: आतून एक थर, बाहेरून एक थर, मध्ये चिखल आणि खडी, दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. हादरा बसला तसे दोन्ही थर फुगून सुटले. आणि डोक्यावर माळवद. दर उन्हाळ्यात गळतीला म्हणून वर नवी माती टाकायची, जुनी कधी काढायची नाही, असं करत करत दोन-दोन फूट माती साचलेली. पण जिथं तुळया लाकडी खांबांवर होत्या तिथं भिंती कोसळूनही खण उभे राहिलेले लोकांनी पाहिलेत. दादानंही पाहिलेत, विचारलं तर गप्प बसतो.

आमचीही भिंत पडली तेव्हा माळवद तसंच उभं होतं. खांब, तुळई, तिच्यावरची सर, किलचन ही आडवी लाकडं, सगळं जागच्या जागी, फक्त बाजूनं उघडं. रस्त्यावरनं जाणाऱ्याला सोप्यातलं कॅलेंडर दिसत होतं. म्हणून तुम्हाला पहिलं सांगणं: हॉल मोठा करायला एकही खांब काढू नका. गवंडी 'मधला एक काढू, गर्डर टाकू' म्हणेल. तुमचं घर भिंतींवर नाही, खांबांवर उभं आहे.

दुसरं माळवदाचं. कोपऱ्यात एक हात-दीड हात खणून बघा किती माती आहे. आमच्याकडं पावणेदोन फूट निघाली, आम्ही आठ इंचावर आणली. उतरवताना एका बाजूनं पूर्ण मोकळं करू नका, सगळीकडनं सारखं काढा. तुळईची भिंतीत गेलेली टोकं बघा, कुजकं लाकूड आणि वाळवी तिथंच असते. जाड सुई किंवा आर टोचली आणि लोण्यासारखी गेली तर तेवढा तुकडा नवीन सागवान जोडून घ्यायचा. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपे टेकू घाला. आठ इंचाखाली जाड प्लॅस्टिकचा कागद घालता येतो, आम्ही घातला, वर खारी माती. खारी मातीच का, तर तिच्यातल्या खारामुळं ती पाण्यानं फुगून गच्च बसते आणि तिच्यावर गवत उगवत नाही. आजकालची पोरं ती वाळू समजून फेकून देतात. साणं (माळवदातलं उजेडाचं भोक) बुजवू नका. काच बसवा हवं तर, पण चार बोटं उचलून, हवा खेळली पाहिजे.

मातीवरनं आठवलं. मी पोचले तेव्हा पडलेल्या भिंतीची दोन ट्रॉल्या माती दादानं एकाला देऊन टाकली होती, शेतात टाकायला. पांढरी माती खत म्हणून जाते, ठीक आहे, पण अहो, नवी भिंत कशाची बांधणार? पडलेल्या भिंतीची माती हीच सगळ्यात चांगली माती, ती एकदा बसलेली असते. मी उरलेल्या ढिगाऱ्यावर अक्षरशः उभी राहिले. बोळात लोक जमले. दादा म्हणाला, "तुझा काय संबंध?" संबंध असा, की वडील गेल्यावर मी जमिनीचं हक्कसोडपत्र त्याला करून दिलं, एक गुंठा मागितला नाही, पण घरातलं नाव काढू दिलं नाही. तेव्हा सगळ्या भावकीनं मला शहाणपणा शिकवला होता, की पडक्या घरात बहिणीनं वाटा ठेवून काय मिळवायचंय. हे मिळवायचं होतं.

२०१४ च्या मार्चात भिंत पुन्हा चढवली. हे काम येणारे गावात एकच आजोबा उरले होते, ते खुर्चीवर बसून सांगायचे आणि दोन पोरं तुडवायची. हातभर उंचीचा थर चढवायचा, तो वाळल्याशिवाय दुसरा नाही. गिलाव्याला माती, गव्हाचा भुसा आणि शेण बारा दिवस भिजत घातलं, रोज पाणी आणि तुडवण. आजोबा मूठ नाकाशी नेऊन 'अजून नाही' म्हणायचे. तेराव्या दिवशी आंबूस वास आला, मग 'लावा' म्हणाले. रंग म्हणून चुना, बस्स. डिस्टेंपरसुद्धा नको.

बाथरूम आणि संडास परसात बांधा, विटांचे, मातीच्या भिंतीपासून हातभर सोडून. अटॅच पाहिजेच असेल तर मधल्या फटीवर छप्पर घेऊन दार जोडा. मातीच्या भिंतीत पाण्याचा पाइप घालणं म्हणजे घरात चोर पाळणं, कुठं गळतोय ते कळेपर्यंत भिंत गेलेली असते. लाइटसाठी भिंतीत झिरी मारू नका, वरनं केसिंग-पट्टी करा. टाइल्स परसातल्या त्या बांधकामात काय घालायच्या त्या घाला, सोप्यात शहाबादी फरशी ठेवा, सांधे सिमेंटनं भरू नका. आणि बाहेर रस्ता बघा. आमच्या गावचा सिमेंट रस्ता दर नव्या कामाला चार बोटं वर येतो, आता उंबऱ्याच्या बरोबरीला आलाय. तुमच्याकडं तसं असेल तर गिलाव्याच्या आधी गटार, पाणी लांब काढा, नाहीतर बाकी सगळं फुकट.

आता एवढं बोलल्यावर एक कबूल करायला पाहिजे. दरवर्षी माळवदावर चढून भेगा बुजवायचं, पन्हाळी मोकळ्या करायच्या, भिंत सारवायची, हे मी कधीच केलेलं नाही. ते वहिनी करते. ती मला एकदा म्हणाली, "ताई, तुम्ही सोलापूरहून बघायला येता, सारवायला मीच असते." मला उत्तर सुचलं नव्हतं, आजही नाही. तुम्ही सगळी भावंडं पुण्यात आहात, तर हे काम कोण करणार ते आधी ठरवा. कुणीच नसेल तर माळवदाच्या वर वेगळ्या खांबांवर पत्रा घ्या. दिसायला बरं नाही, पण पाणी थांबतं.

आणि हो, तुमचं घर दुमजली असेल किंवा लाकडी खांबच नसतील तर माझं ऐकू नका, जुन्या बांधकामाचा माहितगार इंजिनिअर आधी दाखवा. मातीच्या घरांसाठी आयएस १३८२७ हे भारतीय मानक आहे, १९९३ सालचंच. ते माहीत आहे का एवढं विचारा, पुढचं कळेल. मातीच्या भिंतीवर स्लॅब टाकू म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

खर्चाचं राहिलंच. आम्हाला सामानाला फार लागलं नाही, सगळा पैसा मजुरीत आणि सागवानात गेला, आणि दोन महिने लागले. तुमचा आकडा लाकूड किती कुजलंय त्यावर आहे, तो खणून बघितल्याशिवाय कुणी सांगत असेल तर थापा मारतोय.

आमच्या दाराच्या उजवीकडची भिंत अजून सिमेंटचीच आहे. तिला दादानं हात लावू दिला नाही, म्हणाला ही पडली की बोल. गेल्या दिवाळीला तो शेतात गेल्यावर मी नाण्यानं टकटक करून बघितली. वर घट्ट वाजते. गुडघ्याच्या उंचीला, कोपऱ्यापासून चार-पाच फूट, पोकळ.