जीबीएसमधून सावरणाऱ्या मुलाला सोसायटीनं कशी मदत करावी?

ठाण्यात वर्तकनगरच्या तुमच्या बिनलिफ्टच्या इमारतीतला तिसरीतला मुलगा जीबीएस म्हणजे गिलँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजारानंतर घरी आलाय, शेजाऱ्यांनी काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

आधी सगळ्यांना सांगा, हा आजार त्याच्यापासून कुणाला लागत नाही. बहुतेक वेळा एखाद्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते आणि पायांपासून ताकद जाते. १५ वर्षांखालच्या मुलाला अचानक असं लुळेपण आलं, की पोलिओ नाही ना हे बघायला शौचाचे नमुने घेतात. आरोग्य खात्याची माणसं घरी आली म्हणून जिन्यात कुजबुज नको.

मुलं बहुतेक चांगली सावरतात, पण महिने लागतात आणि फिजिओथेरपी चुकवून चालत नाही. म्हणून खुर्चीत बसवून त्याला खाली न्यायला दोन धडधाकट माणसांच्या पाळ्या लावा. दुपारी कुणीतरी तासभर त्याच्याजवळ बसा, आईला झोप मिळू दे. मला तर हे डब्यापेक्षाही मोलाचं वाटतं.

मित्रांना जरूर पाठवा, थोडा वेळच. बोटांत जोर नसला की कॅरमचा स्ट्रायकरसुद्धा जड होतो, शर्टाचं बटण लावायला पाच-पाच मिनिटं जातात. लावू द्या त्याला! दमला की खेळ थांबवा. ‘चालून दाखव बघू’ असं कुणीही म्हणू नका.

पाय पुन्हा लुळे पडू लागले, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर तडक हॉस्पिटल. रात्री गाडी कुणी काढायची, ते आजच ठरवा.