कायम नसलेल्या कामगाराची निवृत्ती

“आम्ही कायम नाही, मग आम्हाला कसली ग्रॅच्युइटी आणि कसली पेन्शन?” पन्नाशी ओलांडलेले रोजंदारी कामगार हा प्रश्न वारंवार विचारतात, आणि बहुतेकांनी त्याचे उत्तर ‘काही नाही’ असेच धरलेले असते.

माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या अशाच एका बाईंची हकिगत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नाशिकजवळच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामावर त्यांनी 14 वर्षे रोजंदारीत काढली होती. अधूनमधून चार-आठ दिवसांचा ‘ब्रेक’ द्यायचा आणि पुन्हा बोलवायचे, हा तिथला रिवाज. 58 वे वर्ष जवळ आले तेव्हा सुपरवायझरने त्यांच्यापुढे छापील राजीनामा आणि ‘सर्व हिशेब मिळाला, काही येणे नाही’ असे व्हाउचर ठेवले. सही केली नाही तर उरलेले महिनेही जातील, ही भीती होतीच, पण “इतकी वर्षं ज्यांनी पोटाला दिलं, त्यांच्याकडे मागायचं कसं?” हा संकोच त्या भीतीहून मोठा होता. माझ्या मते अज्ञानापेक्षा हा संकोचच कामगाराला अधिक महागात पडतो, म्हणून पहिली बैठक मी त्यावरच खर्च केली. ग्रॅच्युइटी ही मालकाने खूश होऊन दिलेली बक्षिसी नव्हे, झालेल्या नोकरीचे ते येणे आहे, हे त्यांना पटायला वेळ लागला.

1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यातली आणि आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आलेली तरतूद अशी आहे की, दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत पाच वर्षे सलग सेवा झालेल्याला, तो कायम असो वा रोजंदार, प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचे वेतन मिळते. सर्वसाधारणपणे वर्षात 240 दिवस काम भरले की ते वर्ष सलग धरले जाते, त्यामुळे मधल्या ब्रेकने सेवा आपोआप तुटत नाही. बाईंची रोजची मजुरी 520 रुपये होती. म्हणजे वर्षाला 7,800 आणि 14 वर्षांचे 1,09,200 रुपये. राजीनामा दिला तरी हा हक्क जात नाही. मात्र ‘हिशेब मिळाला’ या कागदावरची सही पुढे पुरावा म्हणून आपल्याच अंगावर येते, म्हणून त्यावर सही करू नका, असे मी स्पष्ट सांगितले. शिवाय 58 हे भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतले पेन्शनचे वय आहे. नोकरी कधी संपते ते त्या आस्थापनेच्या स्थायी आदेशांवर (नोकरीच्या लेखी नियमांवर) किंवा नेमणुकीच्या अटींवर ठरते.

पेन्शनची गुंतागुंत जास्त होती. पहिली चार वर्षे त्यांचा पीएफ कापलाच गेला नव्हता, आणि नंतर एका ब्रेकनंतर नवा क्रमांक दिल्याने दोन खाती झाली होती: एकात 4 वर्षे 3 महिने, दुसऱ्यात 5 वर्षे 5 महिने. पेन्शनला दहा वर्षे लागतात, पण पूर्ण वर्षांच्या वर सहा महिने किंवा अधिक भरले की ते पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे दोन्ही सेवा जोडल्या तर 9 वर्षे 8 महिने होऊन बाई पेन्शनच्या नियमात बसत होत्या. जुन्या खात्यातली पेन्शनची रक्कम काढून घेण्याचा सल्ला त्यांना शेजाऱ्याने दिला होता. ती काढली असती तर ती सेवाच हिशेबातून गेली असती. सरासरी वेतन 12,000 धरले तर दहा वर्षांची पेन्शन महिन्याला 1,700 रुपयांच्या आसपास येते. ती तुटपुंजीच, पण तहहयात आहे.

कामावर असतानाच पुरावे गोळा करायला मी सांगितले. बाईंनी पिठाच्या डब्यामागून जुन्या हजेरी कार्डांची प्लॅस्टिकची पिशवी काढली. हळदीचे डाग पडलेल्या त्या कार्डांचे फोटो मुलाने मोबाइलवर घेतले. खाती जोडण्याचा अर्ज केला, आणि काम सुटल्यावर ग्रॅच्युइटीचा अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवली. ही रक्कम 30 दिवसांत द्यावी लागते. पेन्शन सुरू झाली आहे. कारखान्याने पीएफ कापलेलीच वर्षे मान्य करून तेवढी ग्रॅच्युइटी दिली. आधीच्या चार वर्षांसाठीचा अर्ज ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या नियंत्रक अधिकाऱ्यापुढे आहे आणि तिथे ती हजेरी कार्डे दाखल केलेली आहेत.