वाचकांचे प्रश्न : ‘फन हाउस’ आणि त्यानंतरची पांगापांग

प्रश्न : द स्टूजेस या अमेरिकी रॉक बँडचा दुसरा अल्बम ‘फन हाउस’ प्रसिद्ध झाल्यावर महिनाभरातच बेसवादक डेव्ह अलेक्झांडर याला काढून टाकण्यात आले. गूज लेक महोत्सवात तो मंचावर नुसताच उभा राहिला आणि त्याने एकही सूर वाजवला नाही, असे त्याचे कारण वाचनात आले. हे खरे आहे का? तसेच सॅक्सोफोनवादक स्टीव्ह मकाय याला बँडचा सदस्य मानावे की पाहुणा वादक?

उत्तर : काढले हे खरे, वाजवलेच नाही हे खरे नाही. ऑगस्ट १९७० मधील त्या कार्यक्रमाविषयीची ही हकीकत गायक इगी पॉप याच्या आठवणींवर उभी होती आणि ध्वनिमुद्रण उपलब्ध नसल्याने ती पुस्तकांतून जशीच्या तशी पुढे चालत राहिली. मिशिगनमधील एका शेतघराच्या तळघरात त्या कार्यक्रमाची टेप सापडली आणि २०२० मध्ये थर्ड मॅन रेकॉर्ड्सने ती प्रसिद्ध केली. त्या टेपवर बेस स्पष्ट ऐकू येतो. अलेक्झांडर त्या दिवशी बिनचूक वाजवत होता असे कोणी म्हणणार नाही; पण पन्नास वर्षे त्याच्या नावावर असलेला आरोप त्या टेपपुढे टिकत नाही.

या चुकीच्या हकीकतीमुळे अलेक्झांडरचे ‘फन हाउस’मधील काम झाकले गेले, ही मला अधिक खटकणारी गोष्ट वाटते. ‘डर्ट’ हे संथ गाणे ऐकून पाहावे : रॉन अ‍ॅशटनची गिटार बराच वेळ कडेकडेने फिरत असते आणि गाण्याचा सगळा भार बेस व स्कॉट अ‍ॅशटनचे ड्रम यांच्यावर असतो. १९६९ चा पहिला अल्बम निर्माता जॉन केलच्या देखरेखीखाली न्यूयॉर्कमध्ये झाला होता आणि त्यात मंचावरचा दणका पुरेसा उतरला नव्हता. म्हणूनच मे १९७० मध्ये लॉस एंजेलिस येथे निर्माता डॉन गालुची याने वादकांमधले ध्वनिरोधक आडोसे काढून टाकले, सर्वांना एकाच खोलीत एकत्र वाजवायला लावले आणि एकेक गाणे मनासारखे उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा मुद्रित केले. ती सर्व सत्रे १९९९ मध्ये सात सीडींच्या संचात निघाली. अशा पद्धतीत कच्चा वादक लपवता येत नाही, त्यामुळे अलेक्झांडरविषयी मत बनवायचे तर ते या मुद्रणांवरून बनवावे.

मकायविषयी सांगायचे तर तो लॉस एंजेलिसला निघण्याच्या तोंडावर बँडमध्ये आला. अल्बमच्या पहिल्या बाजूच्या चारही गाण्यांत सॅक्सोफोन नाही. तो येतो दुसऱ्या बाजूवर, ‘१९७०’ या गाण्याच्या उत्तरार्धात, आणि मग शेवटच्या ‘एल. ए. ब्लूज’पर्यंत साथ सोडत नाही. म्हणजे तबकडी उलटताना चार जणांचा बँड पाच जणांचा होतो! वर्ष संपण्याआधी मकायही बाहेर पडला, तरीही मी त्याला सदस्यच मानतो, कारण दुसऱ्या बाजूची घडण त्याच्याशिवाय संभवत नाही. २००३ मध्ये बँड पुन्हा एकत्र आला, तेव्हा त्यालाही बोलावण्यात आले होते. अलेक्झांडर मात्र १९७५ मध्येच मरण पावला होता. १९७० मध्ये त्याला काढल्यावर त्याच्या जागी आधी झीक झेटनर आणि मग जिमी रेका आले, जेम्स विल्यमसन दुसरा गिटारवादक झाला, आणि १९७३ च्या ‘रॉ पॉवर’वर तर खुद्द रॉन अ‍ॅशटनला गिटार सोडून बेस हाती घ्यावा लागला.

प्रश्न : द डॅम्ड या ब्रिटिश पंक बँडचा दुसरा अल्बम फसला, तो वादक बदलल्यामुळे का?

उत्तर : तेवढ्यामुळे नव्हे. ‘म्युझिक फॉर प्लेझर’साठी लू एडमंड्स हा दुसरा गिटारवादक आला होता, पण पहिला अल्बम फेब्रुवारी १९७७ मध्ये आणि दुसरा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, अशा घाईत मुख्य गीतकार ब्रायन जेम्स याच्याकडे नवी दमदार गाणी उरली नव्हती, असे माझे मत आहे. पिंक फ्लॉइडचा निक मेसन निर्माता असण्याचाही उपयोग झाला नाही. ड्रमवादक रॅट स्केबीज निघून गेला आणि १९७८ च्या सुरुवातीस बँड मोडला. जेम्सशिवाय तो पुन्हा उभा राहिला, तेव्हा कॅप्टन सेन्सिबल बेस सोडून गिटारकडे वळला आणि १९७९ मध्ये ‘मशीन गन एटिकेट’ आला, जो मला पहिल्या अल्बमपेक्षाही सरस वाटतो.