मायक्रोप्लेट रीडरचा आकडा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लॅक्टेट डिहायड्रोजिनेज या विकराची क्रियाशीलता मी एनएडीएच या सहविकराचे ३४० नॅनोमीटरवरील शोषण मोजून काढते. तोच नमुना क्युव्हेटमध्ये (द्रावण ठेवण्याच्या चौकोनी पारदर्शक नळीत) मोजला तर जे उत्तर येते, त्याच्या जेमतेम ६० टक्के उत्तर मायक्रोप्लेट रीडरवर (अनेक छोट्या खळग्यांची, म्हणजे वेलची, प्लेट वाचणाऱ्या यंत्रावर) येते. प्रत्येक वेलमध्ये २०० मायक्रोलीटर द्रावण असते. यंत्रात बिघाड आहे असे समजावे का? (एक संशोधक विद्यार्थिनी)

उत्तर : यंत्र बहुधा निर्दोष आहे, पण आकडेमोडीत एक गृहीतक नकळत शिरले आहे. क्युव्हेटमध्ये प्रकाश आडवा जातो आणि द्रावण १ मिलिलीटर असो वा ३ मिलिलीटर, त्याला नेमके १ सेंटीमीटर अंतरच पार करावे लागते. मायक्रोप्लेट रीडरमध्ये प्रकाश उभा जातो, त्यामुळे द्रावणातून त्याने कापलेले अंतर म्हणजे वेलमधील द्रावणाची उंची, आणि ती आपण पिपेटने किती द्रावण घातले यावरच ठरते. सपाट तळाच्या नेहमीच्या ९६ वेलच्या प्लेटमध्ये एका वेलच्या तळाचे क्षेत्रफळ साधारण ०.३२ चौरस सेंटीमीटर असते, म्हणून २०० मायक्रोलीटर द्रावणाची उंची सुमारे ०.६ सेंटीमीटर भरते. बिअर-लँबर्ट नियमानुसार शोषण हे संहती आणि प्रकाशमार्गाची लांबी या दोहोंच्या सम प्रमाणात असते. एनएडीएचचा ६२२० हा मोलर शोषण गुणांक १ सेंटीमीटर मार्गासाठी दिलेला आहे. तो प्लेटवरील आकड्याला जसाच्या तसा लावला, तर उत्तर ६० टक्क्यांच्या आसपासच येणार. आपले निरीक्षण नियमाशी तंतोतंत जुळते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला असा की, पाणी ९७७ नॅनोमीटरच्या सुमारास थोडा प्रकाश शोषते आणि ९०० नॅनोमीटरला जवळपास शोषत नाही. खोलीच्या तापमानाला १ सेंटीमीटर पाण्यासाठी या दोन वाचनांतील फरक सुमारे ०.१८ असतो. आपल्या वेलमधील फरकाला या आकड्याने भागले की त्या वेलमधील प्रकाशमार्गाची लांबी सेंटीमीटरमध्ये मिळते, आणि अनेक यंत्रांत ही दुरुस्ती आपोआप करण्याची सोय असते. मात्र द्रावणात सेंद्रिय द्रावक किंवा बरेच क्षार असतील, तर ०.१८ हा आकडा न वापरता आपलेच बफर क्युव्हेटमध्ये मोजून तो ठरवावा. दुसरा उपाय म्हणजे ज्ञात संहतीची एनएडीएचची द्रावणे त्याच प्लेटवर, तेवढ्याच आकारमानात ठेवून प्रमाण आलेख काढणे. मला हा दुसरा उपाय अधिक विश्वासाचा वाटतो, कारण वेलचा आकार, द्रावणाच्या पृष्ठभागाची वक्रता आणि यंत्राची स्वतःची लकब या साऱ्यांचा परिणाम नमुन्यावर आणि प्रमाण द्रावणावर सारखाच होतो.

प्रकाश पृष्ठभागातून जातो, या एका गोष्टीतून आणखीही सावधगिरी ओघाने येते. क्युव्हेटमध्ये वर तरंगणारा बुडबुडा वाचनाच्या आड येत नाही, पण प्लेटमध्ये तो नेमका प्रकाशाच्या वाटेत असतो. म्हणून पिपेटमधील द्रावण शेवटच्या थेंबापर्यंत फुंकून काढू नये आणि बुडबुडा दिसलाच तर स्वच्छ सुईने फोडून मगच वाचन घ्यावे. याच प्लेटवर पुढे डीएनए मोजण्याचा विचार असेल तर तो सोडावा : साधे पॉलिस्टायरीन २६० नॅनोमीटरचा प्रकाश स्वतःच शोषून घेते, त्यासाठी अतिनील प्रकाश जाऊ देणारी प्लेट लागते.

प्रश्न : एलायझाची (प्रतिपिंडांच्या साहाय्याने नमुन्यातील पदार्थ मोजण्याच्या परीक्षणाची) प्लेट ४५० नॅनोमीटरवर वाचल्यानंतर पुन्हा ६२० नॅनोमीटरवर का वाचतात? तसेच आमच्या काही नमुन्यांचे शोषण ३.५ च्या वर जाते; ते आकडे अहवालात घ्यावेत का? (एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ)

उत्तर : टीएमबी या रंगद्रव्यजनकावर पेरॉक्सिडेज विकराची क्रिया झाली की निळा रंग येतो आणि आम्ल घालून अभिक्रिया थांबवली की तो पिवळा होतो. हा पिवळा रंग ४५० नॅनोमीटरला प्रकाश शोषतो, ६२० ला नाही. उलट बोटाचा ठसा, ओरखडा किंवा प्लेटच्या तळाचा गढूळपणा दोन्ही ठिकाणी साधारण सारखाच प्रकाश अडवतो. म्हणून दुसरे वाचन पहिल्यातून वजा केले की उरतो तो रंगाचा आकडा. आम्ल घालण्यापूर्वी मात्र ही वजाबाकी करू नये, कारण निळा रंग ६२० नॅनोमीटरलाही प्रकाश शोषतो आणि आपण खरा संकेतच वजा करून बसतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. शोषण ३ म्हणजे हजारातला एक भाग प्रकाश पलीकडे पोहोचतो, ४ म्हणजे दहा हजारांतला एक. एवढ्या क्षीण प्रकाशात यंत्रातील भरकटलेला प्रकाशही मोजला जातो, आणि प्रमाण आलेखही त्या टोकाला सपाट झालेला असतो, त्यामुळे शोषणातील किंचित फरक संहतीत प्रचंड फरक दाखवतो. नमुना विरल करून परीक्षण पुन्हा करावे आणि उत्तर आलेखाच्या चढत्या भागात आल्यावरच ते विरलतेच्या पटीने गुणावे. आधीच तयार झालेला पिवळा रंग पातळ करून वाचणे हा त्याला पर्याय नाही : विकराची क्रिया तोवर होऊन गेलेली असते आणि नमुना जास्त असल्याने प्रतिपिंडांच्या जागा भरून गेल्या असतील, तर ती माहिती रंगात उतरलेलीच नसते. या आकड्यांवर कोणाचे तरी निदान अवलंबून असते, म्हणून इथे वेळ वाचवण्याचा मोह टाळलाच पाहिजे.

प्रश्न : प्लेटमध्ये ९६ च वेल का? (एक शिक्षक)

उत्तर : ८ ओळी आणि १२ स्तंभ अशी ही मांडणी आहे. अशा प्लेटची सुरुवात हंगेरीत १९५१ च्या सुमारास इन्फ्लुएंझाच्या तपासण्यांसाठी प्लेक्सिग्लासमध्ये कोरलेल्या खळग्यांपासून झाली. आज लगतच्या दोन वेलच्या केंद्रांमधील अंतर ९ मिलिमीटर असते. ३८४ वेलच्या प्लेटमध्ये ते ४.५ आणि १५३६ वेलच्या प्लेटमध्ये २.२५ मिलिमीटर होते. हे अंतर ठरलेले असल्यामुळेच वेगवेगळ्या कंपन्यांचे बहुमुखी पिपेट आणि रीडर एकाच प्लेटवर चालतात.

प्रश्न : पारदर्शक, काळी आणि पांढरी यांपैकी कोणती प्लेट घ्यावी? (एक पदव्युत्तर विद्यार्थी)

उत्तर : शोषण मोजायचे असेल तर पारदर्शक. प्रतिदीप्ती (फ्लुओरेसन्स) मोजताना काळी, कारण काळ्या भिंती उत्तेजक प्रकाशाचे परावर्तन आणि शेजारच्या वेलमधून येणारी चमक दाबून टाकतात. ल्युसिफरेजसारख्या प्रकाश निर्माण करणाऱ्या विकराच्या परीक्षणांत बाहेरून प्रकाश टाकलाच जात नाही आणि संकेत मुळात क्षीण असतो, म्हणून तो परावर्तित करून शोधकापर्यंत पोहोचवणारी पांढरी प्लेट घ्यावी. पेशी तळाला चिकटून वाढत असतील आणि वाचन खालून घ्यायचे असेल, तर काळ्या भिंतींची पण पारदर्शक तळाची प्लेट मिळते. प्रतिदीप्तीचे आकडे सापेक्ष असतात, हेही ध्यानात असू द्यावे. यंत्राचा गेन (संकेत किती पटीने वाढवून मोजायचा ते) बदलला की सगळे आकडे बदलतात, त्यामुळे ज्या दोन प्लेटची तुलना करायची आहे, त्या एकाच गेनवर वाचाव्यात आणि दोहोंवर एक समान नियंत्रण नमुना ठेवावा.